तळाचा दगड

समुद्राच्या कड्यावर त्या गल्लीत पाच घरं होती आणि पाचही एका माणसाच्या शब्दावर उभी होती.

तो माणूस विहिरी खणायचा. चाळीस वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला त्याने स्वतःच्या हिमतीवर पहिली विहीर खणली. अठरा हातांवर दगड लागला. वर काठाशी डोकी जमली होती, त्यात त्याचा जिवलग दोस्त शिंपी होता. शिंप्याने वाकून विचारलं, "लागला का रे कातळ?" आणि खालून आवाज आला, "लागला!" खाली अखंड कातळ म्हणजे समुद्राने कितीही डोकं आपटलं तरी कडा जागचा हलायचा नाही. शिंप्याने दुसऱ्याच दिवशी विहिरीला लागून पाया खणायला घेतला. त्याच्यामागून बाकीचे आले. तेव्हापासून विहीरवाल्याला नावाने कोणी हाक मारली नाही. तो कातळतात्या झाला, आणि जमिनीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

त्याची सून या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली होती. आल्या आल्या सासऱ्याने तिला अंगणात दोन धोंडे दाखवले होते, एक जमिनीत घट्ट रुतलेला आणि एक सुटा पडलेला. दोन्हीवर पहार मारून दाखवली होती. "ऐक. खालपर्यंत गेलेला असला की ठण्ण वाजतो, हाताला झिणझिण्या येतात. सुटा असला की ठप्प. डोळे फसतील, पण कान फसायचे नाहीत." नव्या नवरीला शिकवण्यासारखं जगात दुसरं काही नव्हतं जणू. सासूला हसू आवरेना. आता सासू नव्हती, पण ती शिकवणी सुनेच्या डोक्यात पक्की बसली होती.

अमावास्या तीन दिवसांवर होती त्या सकाळी सुनेने विहिरीत बादली सोडली आणि ती तळाला खणकन आपटली.

तिला वाटलं, बादली कडेला अडकली. तिने दोर हलवला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. वाकून पाहिलं तर तळाशी ओल्या चिखलात तो प्रसिद्ध दगड पाठ उघडी टाकून बसलेला. नऊ वर्षांत तिने तो दगड कधी पाहिला नव्हता.

"बाबा, विहीर आटली."

तात्या ओसरीवर पायाला तेल चोळत होता. मान वर न करता म्हणाला, "दोर आखडला असेल."

आखडायला तो दोर काय जावईबापू आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासऱ्याचा हात पायावर जागच्या जागी थांबला होता, ते तिने पाहिलं, आणि ती रिकामी बादली घेऊन आत गेली. शेजारच्या शिंपीणकाकूंकडून घागरभर पाणी मागायची सोय नव्हती, कारण त्याही याच विहिरीवर भरायच्या.

दहाच्या सुमाराला समुद्र भरतीला आला आणि विहिरीत दोन हात पाणी उभं राहिलं. बादली भरून आली. चहा झाला. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखरेच्या डब्यात मीठ भरलंयस की काय?"

तिने चाखून पाहिला. मीठ नव्हतं घातलं. तात्याने आपला चहा एका दमात पिऊन टाकला आणि कपबशी खाली ठेवली. "चांगला झालाय," तो म्हणाला. चहाबद्दल चांगलं असं त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

दुपार कलली तशी ओहोटी लागली आणि नवराबायको घमेली घेऊन कड्याखाली उतरली. त्यांचा धंदा गोट्यांचा. समुद्राने घासून गुळगुळीत केलेले मुठीएवढे गोटे वेचायचे, घमेल्याने वर न्यायचे, रस्त्याकडेला ढीग घालायचा. आठवड्याला ट्रक येऊन नेई. शहरात बंगल्यांच्या बागेत घालतात म्हणे. कंबर मोडायची, नखं झिजून जायची, पण काम घराजवळचं होतं. नवी असताना तिला या कामात एकच गोष्ट आवडायची. लाट परत फिरली की मागे ओढले जाणारे हजारो गोटे एकमेकांवर घासत खळखळायचे. तो आवाज रात्रंदिवस घरापर्यंत यायचा. तिला तो ऐकल्याशिवाय झोप लागत नसे.

आता खाली गोटे शोधावे लागत होते. एका घमेल्यासाठी अर्धा किनारा पालथा घालायचा. नऊ वर्षांत त्यांनी तो उचलून नेला होता. लाट आता मऊ वाळूवरून मुकाट येई आणि थेट कड्याच्या मातीवर धडके. हे त्या दिवशीच तिच्या लक्षात आलं असं नाही. पण पोटाची गोष्ट असली की माणूस लक्षात आलेलंही लक्षात घेत नाही.

गोटे शोधत ती कड्याच्या पायथ्याशी गेली. तिथे मागच्या महिन्यात गुडघ्याएवढी खाच होती. आता वाकून आत जाता येत होतं. ती आत शिरली. आत थंड होतं, मातीचा ओला वास होता. डोक्यावर पिवळट माती आणि त्या मातीत रुतलेले धोंडे, लहान, मोठे, टरबुजाएवढे, काही बैलाच्या पाठीएवढे. सगळे गोल आणि गुळगुळीत, जसे ती रोज वेचत होती तसेच. म्हणजे कधीकाळी समुद्रच इथवर होता. त्यानेच हे धोंडे आणून टाकले होते, वर माती साचली होती, आणि आता तो आपला माल परत न्यायला आला होता. कातळ कुठेच नव्हता. तिने हात लावला तो धोंडा दातासारखा हलला.

आतल्या टोकाला पाण्याची बारीक धार पडत होती. तिने ओंजळ धरली आणि चाखली. गोड होतं.

चव तिच्या ओळखीची होती. नऊ वर्षं रोज पीत होती ती.

बाहेर येऊन तिने नवऱ्याला हाक मारली. तो आत गेला, त्यानेही चाखलं, आणि उकिडवा बसून राहिला. "बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"कातळावरून बाबांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या इज्जतीला हात घालायचा. तू नवी आहेस."

"नऊ वर्षांनी नवी?"

दोघांनी घमेली रिकामीच वर नेली.

वर तात्या काठी घेऊन मोजत होता. दर अमावास्येच्या आधी तो विहिरीच्या कठड्यापासून कड्याच्या टोकापर्यंत जमीन मोजायचा. काठी चार हातांची, सागाची, टोकाला लोखंडी कडं बसवलेली. गल्लीला त्या मोजणीचा मोठा आधार वाटे. शिंपीणकाकू दारात मशीन मांडून गणवेश शिवत होत्या. पाय न थांबवता त्यांनी विचारलं, "किती भरलं तात्या?"

"साडेपाच काठ्या. गेल्या खेपेएवढंच."

"मग झालं," काकू म्हणाल्या आणि दोरा तोडला.

सुनेला राहवलं नाही. "बाबा, वरून मोजून काय उपयोग? तो खालून खातोय. आपल्या विहिरीचं पाणी कड्याच्या पायथ्याशी गळतंय. मी पिऊन आले. आत नुसते सुटे धोंडे आहेत."

मशीन थांबलं.

तात्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गोटे वेचणाऱ्यांनी मला कातळ शिकवू नये!" तो ओरडला. "आणि गळतंय ते कोणामुळे? कड्याच्या पायाशी गोट्यांचा बांध होता, तो घमेल्याने वाहून कोणी विकला? मी?"

ते खरंच होतं. काकूंसमोर, नवऱ्यासमोर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रात्री तात्याच जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याने पहार काढली. "दोर धरा दोघं," तो म्हणाला.

"बाबा, सत्तरी उलटली तुमची!" मुलगा म्हणाला.

"विहिरीला माहीत नाही ते. धर."

त्याने कमरेला दोर बांधला आणि जुन्या खाचांमध्ये पाय ठेवत उतरू लागला. पाय ठेवायच्या जागा तो बघत नव्हता. पाठीचे मणके एकेक दिसत होते. सून दोर सैल सोडत राहिली, तळहात सोलवटत राहिले. शेवटी दोर ढिला पडला. खाली चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

मग पहार.

ठप्प.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या पायांकडे बघत होता.

ठप्प. जागा बदलून पुन्हा, ठप्प. एखाद्या ओल्या गोणीवर मारावं तसा. वरपर्यंत आवाजाचा कण घुमला नाही.

त्याला वर ओढायला अर्धा तास लागला. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढीत चिखल. कठड्याला टेकून तो धापा टाकत बसला. सून पाणी आणायला उठली तर त्याने तिचा पदर धरला.

"तेव्हाही असाच वाजला होता," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पुन्हा खाली बसली.

"माझी पहिली विहीर ती. हातांचे फोड फुटले होते. शिंपी वरून म्हणाला, लागला का कातळ, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, उद्या बाजूने खणून बघू. दुसऱ्या दिवशी त्याने पाया खणायला घेतला. मग कसं सांगू? मग दुसरं घर आलं. मग..." त्याने हाताने गल्ली दाखवली. "दर अमावास्येला मोजत होतो ना. निदान काठी खोटं बोलत नव्हती."

त्याचा राग यावा की कीव, हे तिला ठरवता येईना. दोन्ही आलं.

तात्या अंघोळ न करता, तसाच चिखलाने माखलेला, दारोदार गेला. पाच मिनिटांत सगळी गल्ली काकूंच्या दारात गोळा झाली. तो उभ्या उभ्या सांगून मोकळा झाला. मी खोटं बोललो. खाली कातळ नाही. परवा अमावास्येचं उधाण आहे, घरं सोडा.

कोणी शिव्या दिल्या नाहीत, तेच वाईट झालं. लोक त्याच्याकडे प्रेमाने बघू लागले. गल्लीतलाच एक पोस्टमन रिटायर होऊन आता मस्करीचं खातं सांभाळायचा. तो म्हणाला, "तात्या, वय झालं की असं होतं. माझे वडील शेवटी शेवटी म्हणायचे, मी पोस्टात नव्हतोच."

काकू तर चिडल्याच. "हे गेले तेव्हा यांच्या उशाशी बसून तुम्ही म्हणालात, वहिनी, घराची काळजी करू नका. ते ऐकून यांनी डोळे मिटले. आणि आता खोटं बोललो म्हणता?"

"हो."

"मग आता खरं बोलताय कशावरून?"

चाळीस वर्षांचा तो कातळ तात्याने स्वतःच इतका पक्का बसवला होता की आता त्याच्याच्याने हलत नव्हता.

सुनेने मग दुसरा मार्ग धरला. ती काकूंच्या पाया पडली. "एक दिवस, काकू. अमावास्येचा फक्त. म्हाताऱ्याचा हट्ट समजा. मागच्या माळावर सावली आहे, मी भाकरी करून आणते सगळ्यांना." हट्ट म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. हट्ट पुरवता येतो, खरं मानायची गरज नसते. काकूंनी अट घातली, मशीन मी मागे ठेवणार नाही आणि ते तुझ्या नवऱ्याने उचलायचं.

अमावास्येला सकाळीच वारा पडला. आभाळ भांड्याच्या तळासारखं काळपट होतं आणि पाऊस नव्हता. पाच घरं माळावर जाऊन बसली, वळकट्या, ट्रंका, कोंबड्यांचं खुराडं, आणि मधोमध शिंपीणकाकूंचं मशीन. बाराला उधाण चढलं. कड्यावर लाट आपटली की माळावर बसलेल्यांच्या मांड्यांखाली जमीन हलल्यासारखं होई. तात्या उभाच होता, काठीवर भार टाकून.

पाणी चढलं, चढलं आणि थांबलं. एक वाजून गेला. पाचही घरं होती तशी उभी होती.

पोस्टमनने आधी खाकरून घेतलं. "तात्या, कातळ रजेवर गेला होता, हजर झाला वाटतं." हशा पिकला. दोन दिवस आवरून धरलेलं हसू होतं ते, त्यामुळे जरा जास्तच पिकला. माणसं उठली, सतरंज्या झटकू लागली. तात्याच्या मुलानेही नजर चुकवून ट्रंक उचलली.

"थांबा!" तात्या ओरडला. "चढताना नाही पडत! विहीर भरलेली असते तेव्हा पाणीच भिंती धरून ठेवतं. उपसायला लागलं की ढासळते. माझी दोन माणसं उपसतानाच गेली. आता पाणी उतरणार. आता थांबा!"

"आता पुरे तात्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, कंटाळा होता, आणि तात्याला तो जास्त लागला. त्यांनी पोस्टमनला खूण केली. दोघांनी मशीन दोन बाजूंनी उचललं आणि गल्लीत शिरले.

म्हातारा धावला. सत्तरीचा माणूस कसा धावतो ते बघवत नव्हतं. तो त्यांच्या आधी काकूंच्या दारात पोचला आणि उंबऱ्यावर आडवा झाला. लहान मुलं दुकानासमोर लोळण घेतात तसा.

"अहो तात्या, काय हे!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "उठा. लोक बघताहेत."

"मला ओलांडून जा," तो म्हणाला.

काकूंनी लुगड्याचा ओचा आवरला. त्या खरंच ओलांडणार होत्या. मागून आलेल्या सुनेने त्यांचा दंड धरला, बांगडी पिचेल इतका घट्ट.

"काकू, यांचं ऐकू नका. माझंही नका ऐकू. पण एकदा गप्प उभं राहून ऐका."

सगळे गप्प झाले. खाली समुद्राने ओढ घेतली. लाट लांब, संथ मागे फिरली आणि आवाज आला.

खळखळ.

गोटे एकमेकांवर घासत मागे ओढले जात होते. काकूंनाही तो आवाज लगेच ओळखू आला, अर्धं आयुष्य त्यांनी तो ऐकला होता. त्यांनी सवयीने किनाऱ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. किनाऱ्यावर आता गोटेच नव्हते. आवाज घरातून येत होता. आतल्या खोलीच्या फरशीखालून, जिथे त्यांचा पलंग होता.

पोस्टमनच्या हातातून मशीनची बाजू सुटली. सुनेने ती पकडली. "बाबा, उठा!" पण तात्याला उठता येईना, कंबर धरली होती. मुलगा धावत आला, त्याने बापाला काखेत हात घालून ओढलं. काकूंनी मशीन सोडलं नाही. एका बाजूने त्या, एका बाजूने सून, अशा दोघी ते घेऊन पळाल्या, पायडलचा मार सुनेच्या नडगीवर बसत होता आणि तिला तो कळत नव्हता.

आधी विहिरीचा कठडा गेला. गेला म्हणजे खाली उतरला, रहाटासकट, कोणी जिना उतरावा तसा. मग काकूंचं घर समुद्राच्या बाजूला जरासं झुकलं. क्षणभर त्यांच्या उघड्या दारातून आभाळ दिसलं. मग दार दिसलं नाही. धूळ वर आली, ओल्या मातीचा वास आला, आणि त्यामागून तात्याच्या घराची अर्धी ओसरी गेली.

संध्याकाळपर्यंत माळावरून कोणी हललं नाही. कोणी रडत होतं, कोणी कोंबड्या मोजत होतं. काकू मशीनला पाठ टेकून बसल्या होत्या. नवऱ्याच्या गळ्यातला टेप त्यांच्या गळ्यात तसाच लोंबत होता. उरलेल्या तीन घरांच्या भिंती मावळत्या उजेडात उभ्या होत्या. तिथून कड्याचं टोक आता किती लांब आहे, हे बघायला कोणी जात नव्हतं.

तात्याला सुनेने सतरंजीवर निजवलं होतं. त्याची काठी उशाशी होती.

काकू उठल्या आणि त्याच्याजवळ येऊन बसल्या. सुनेला वाटलं, आता या काय बोलतात. काकूंनी पायाखालच्या माळाच्या जमिनीवर तळहात टेकला, तापलेल्या अंगावर टेकतात तसा.

"तात्या," त्यांनी विचारलं, "इथे खाली काय आहे?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कितीतरी लोकांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर कधी अडलं नव्हतं. त्याने काकूंच्या हाताकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"मला माहीत नाही, वहिनी," तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली. त्यांनी हात उचलला नाही. सून उठली, घरच्या सामानासोबत आलेली पहार तिने उचलली आणि माळाच्या दुसऱ्या टोकापासून जमीन ठोकत यायला सुरुवात केली.